भाऊंच्या पडवीतले सेल

पहिले आठ दिवस मला वाटत होतं, घराच्या मागे हायवे आहे आणि त्यावरून एक ट्रक येतो आहे. येतो आहे, येतो आहे, पण पोचत काही नाही. तो समुद्र होता. सुरूच्या बनाआड दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मी वाशीमकडची. आमच्याकडे पाण्याचा आवाज म्हणजे टँकरचा पाइप ड्रमात सोडतात तो, आणि तो ऐकला की धावायचं असतं. त्यामुळे तोंडवलीच्या त्या घरात मी कित्येक दिवस उगीचच दचकून उभी राहत असे. ताईला तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली होती, तिचं बाळ सांभाळायला कोणी नव्हतं आणि मी नववीतून शाळा सोडून घरी बसलेली, म्हणून मला पाठवलं. 'घरी बसलेली' हा बाबांचा शब्द. दिवसभर मी कापूस वेचायची, पण शाळा सोडलेल्या मुलीनं काहीही केलं तरी ती बसलेलीच असते.

घर भाऊंचं आणि काकींचं. आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. भाऊंनी बावीस वर्षं मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली. इंजिनाच्या धडधडीत बोलायची सवय लागलेली असल्यामुळे ते जेवताना मीठ मागायचे तेही ओरडून, आणि मी दर वेळी समजायचे की माझंच काहीतरी चुकलं. काकी मासे विकायच्या. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की लिलावात उभ्या राहायच्या, टोपली भरायच्या आणि मालवणच्या बाजारात जाऊन दुपारी परत यायच्या. आमच्याकडे बायाही 'येतो, जातो' म्हणतात. "दुकानात जाऊन येतो काकी," असं मी म्हटलं की त्या कमरेवर हात ठेवून हसायच्या. "येतो काय गो? झील आसंस काय तू?" झील म्हणजे मुलगा. मग माझी ती लाज बघून स्वतःच माझ्या हातात तांदळाचं गरम घावन ठेवायच्या. मी मासे खात नाही म्हणून सुरुवातीला माझ्यासाठी वेगळी काळ्या वाटाण्याची उसळ व्हायची. पुढे एकदा तिरफळं घातलेले पेडवे मासे नुसते चाखले, जिभेला मुंग्या आल्या, आणि त्या दिवसानंतर उसळ बंद झाली. पण "आणखी देऊ?" असं त्यांनी विचारलं की मी नको म्हणायची. पोट भरलेलं नसलं तरी नको. दुसऱ्याच्या घरात आपण जितकं कमी मागू तितके जास्त दिवस राहू, असा माझा हिशेब होता. तो मला कोणी शिकवला नव्हता आणि तो चुकीचा आहे हेही कोणी सांगितलं नव्हतं.

पाण्याचं तर मला नवलच वाटे. तोंडवलीला एका बाजूनं समुद्र आणि दुसऱ्या बाजूनं खाडी. भाऊंच्या मागल्या आवारात एक विहीर होती, इतकी भरलेली की वाकून हातानं कळशी बुडवावी. पण तिचं पाणी मचूळ. साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. पिण्याचं पाणी काकी दोन घरं ओलांडून पलीकडच्या गोड्या विहिरीवरून कमरेवर कळशी घेऊन आणत, बाजारातून आल्यावर, दमलेल्या असताना. त्या कळशीतलं पाणी मी घोट घोट प्यायची. मागच्या विहिरीला सगळे वाईट म्हणत, मला मात्र ते पटायचं नाही. आमच्या गावात एवढं पाणी दिसलं असतं तर लोकांनी तिथे नारळ फोडला असता.

भाऊंचं सगळं जग पडवीत होतं. कुडाळचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला एसटीनं पोतं पाठवायचा. पोत्यात लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या. काळं प्लास्टिक फोडलं की आत सहा सेल निघतात, अंगठ्याहून थोडे मोठे. त्यातला एखादा बाद झाला की अख्खी बॅटरी लोक टाकून देतात, बाकीचे पाच धडधाकट असले तरी. "सहा भावंडांत एक दारुडो," भाऊ ओरडून समजावत, "म्हणान अख्ख्या घराक नावां ठेवतत! आपण त्या पाचजणांक वेगळे काढूचे." असे जिवंत सेल निवडून, त्यांचे गट बांधून ते मोठा पॅक करत. पहिला पॅक त्यांनी पडवीतल्या पंख्यासाठी केला होता. वीज गेली, आणि ती तिथे जायचीच, की सबंध वाडी घामाघूम आणि भाऊंचा पंखा गरगर फिरतोय. तो बघून मच्छीमार विचारायला लागले. होडीवर दिवा आणि जीपीएस चालवायला ते ट्रकची जुनी बॅटरी नेत. ती दोघांनी उचलायची. भाऊंचा पॅक एका हातात मावायचा.

बाळ झोपलं की मी पडवीच्या उंबऱ्यात बसून बघायची. एके दिवशी भाऊंनी पक्कड माझ्याकडे सरकवली. बोंडातून कापूस ओढायचा तशीच ती कला निघाली: जोर नाही, फक्त बोटांना कळलं पाहिजे कुठे सुटतंय. दोन आठवड्यांत फोडण्याचं आणि तपासण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं. सेल सुटा करायचा, मीटर लावायचा, अगदीच खाली गेलेला असेल तर बाजूला. बाकीचे चार्ज करून अंड्यांच्या ट्रेमध्ये आठ दिवस उभे ठेवायचे आणि पुन्हा मोजायचं. जो आपोआप उतरला तो बाद. जो टिकला त्याच्यावर मार्करनं आकडा. मग शेवटचं काम: जुना चिकटा पुसून सेल स्वच्छ करायचा, डोक्यावर कागदाची नवी चकती बसवायची, निळं प्लास्टिक चढवून गरम हवेनं आवळायचं. माझ्या ओळीतले सेल असे चकचकायचे की भाऊ एक हातात घेऊन काकींना दाखवत. "ह्यो बघ, नवो कोरो वाटता!" मला कोणी असं काही म्हणण्याची सवय नव्हती. त्या दिवशी मी शेवटचं काम आणखीच घासून केलं.

आणि मग ताईची बदली झाली. इकडून सुटून आमच्याच जिल्ह्यात. ती आनंदानं रडली, मीही रडले, कारणं वेगळी. बाबा फोनवर म्हणाले, दोघी सोबतच या. मी बॅग भरली. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ दारात येऊन ताईला म्हणाले, "हिका ऱ्हवांदे. बाबलाचो पॅक टिकलो तर आणखी दहा होडीवाले येतले. मगे पगार देतंय, आमच्याच घरात ऱ्हवात. नाय टिकलो, तर मी स्वतः गाडीत बसवन धाडतंय." बाबल म्हणजे वाडीतला मच्छीमार, होडीसाठी पॅक घेणारा पहिला माणूस. ताई बाळाला घेऊन गेली. मी काकींच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत चटई टाकली. पॅक टिकला तर मी इथली, नाही तर कापसाच्या रानातली. इतकं सोपं होतं ते, आणि म्हणूनच मला जेवण जाईना.

बाबलचा पॅक तीन आठवडे टिकला. मग तो एक दिवस सकाळीच अंगणात आला, पॅक पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमची बॅटरी आणि आमचो मेंबर सारकोच. निवडान येयपर्यंत उजेड, मगे काळोख." होडी समुद्रात असताना दिवा गेला होता, जीपीएसही. "वाऱ्याच्या वासार घराक इलंय मी." भाऊंनी पॅक उघडला. पंधरा-पंधरा सेलचे तीन गट. त्यातला एक गट उतरला होता. एक गट उतरला की आतलं सर्किट सगळ्यांनाच बंद करतं. मी तपासलेले, आठ दिवस टिकलेले, आकडा घातलेले सेल. आम्ही तो गट बदलला. अडीच आठवड्यांनी बाबल पुन्हा पायरीवर. या वेळी दुसराच गट. भाऊंनी सर्किट बदललं. पुन्हा तेच. भाऊंनी सगळे जोड नव्यानं वेल्ड केले, वायर जाड घातली, होडीतली जागा बदलली, डबा बदलला. सकाळचा चहा गार होऊन त्यावर माशी बसायची, तरी ते मान वर करत नसत. दर वेळी पॅक झोकात जायचा आणि दर वेळी लंगडत परत यायचा. मसुऱ्याला भाऊंच्या बहिणीच्या घरी आम्ही साठ सेलांचा एक दिला होता. तिचाही फोन आला, पंखा पूर्वीसारखा चालत नाही म्हणून. आणि पडवीतला सगळ्यात पहिला, जुन्या पिवळट सेलांचा पॅक? तो मजेत. पंखा आमच्या डोक्यावर गरगर फिरत राहायचा, जणू आम्हालाच हसतोय.

आज मी स्वतः पॅक बांधते तेव्हा त्या दिवसांची चीड अजून बोटांत येते. एखादी गोष्ट धडधडीत मोडली तर माणूस मोडलेली जागा बघतो. हे तसं नव्हतं. मोजताना सगळं बरोबर, बांधताना बरोबर, आणि तरी आतून काहीतरी थेंबाथेंबानं गळत होतं. भाऊंनी ठरवूनच टाकलं की कुडाळचा माणूस फसवतोय. "सडके सेल धाडता मेलो!" रोज त्याला फोन. "माका शिकव नको! बावीस वर्षां बोटीर काढलंय मी!" फोन ठेवला की नजर माझ्याकडे वळायची. "मीटर खोटो बोलता, की तू?" मी पुन्हा मोजायची. मीटर खोटं बोलत नव्हता. पाचव्यांदा पॅक परत आला तेव्हा भाऊ ओरडले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "दिवाळीआधी वाशीमची गाडी खंयची असता, बघून ठेव." मी आत जाऊन भांडी घासायला बसले. रिकाम्या हातांनी त्या घरात मला राहता येत नव्हतं.

भांड्यांत काकींची विळी होती, मासे कापायची. ती मी मागच्या विहिरीवर नेली, खळखळून धुतली आणि आणून टेकवून ठेवली. काकी बाजारातून आल्या, विळीवरून बोट फिरवलं आणि टोपली तशीच टाकून ओरडल्या. "काय गो ह्यां? मागल्या पाण्यान धुतलंस? उद्या सकाळी बघ, तांबडी जाताली! लोखंडाक ह्यां पाणी लावतत काय कोण?" त्यांनी गोड्या कळशीतलं पाणी ओतून विळी पुन्हा धुतली, पदरानं कोरडी केली, खोबरेल लावलं. मी ते बघितलं आणि माझं लक्ष एकदम पडवीकडे गेलं.

कारण सेल मी त्याच पाण्यानं पुसत होते. भाऊ स्वतः चिकटा पुसायचे ते मेडिकलमधल्या स्पिरिटनं. माझ्याकडे काम आलं आणि आठवड्याभरात बाटली संपली. दुसरी मागायची म्हणजे भाऊंना मालवणला पाठवायचं, माझ्यासाठी. ते मला जमेना. काकींच्या कळशीतलं गोडं पाणी चिंधीवर घालायचं, तेही जमेना. पाणी असं वापरलेलं माझ्या आईनं बघितलं असतं तर हात मोडला असता. मागची विहीर भरलेली, कोणालाच नको असलेली. मी चिंधी तिथे भिजवायची, पिळायची आणि एकेक सेल चकचकीत करायची. मग त्यावर चकती, त्यावर प्लास्टिक. मीठ आत कोंडून वरून आवळून टाकायची. तपासणी सगळी त्याआधी झालेली, म्हणून मीटरला कधी काही दिसलं नाही.

मी पडवीत जाऊन ती चिंधी शोधली. वाळून पापडासारखी कडक, पांढऱ्या रेघा. जिभेला लावली. परत आलेल्या पॅकमधला एक सेल घेऊन प्लास्टिक चिरलं, चकती उचलली. खाली वरच्या काठाला तपकिरी गंजाचं कडं. दुसऱ्याला तसंच. तिथल्या दमट हवेत ते मीठ कधी सुकतच नव्हतं आणि सेलच्या डोक्यापासून काठापर्यंत वीज झिरपत होती, रात्रंदिवस.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. भाऊंना काहीच ठाऊक नव्हतं. उद्यापासून मी चांगल्या पाण्यानं पुसलं असतं, पॅक टिकला असता, भाऊंना वाटलं असतं की शिव्या खाऊन कुडाळचा माणूस सुधारला. मी इथेच राहिले असते आणि माझं कौतुकही झालं असतं. असा सरळ रस्ता माझ्यापुढे आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला नाही. पण मसुऱ्याचा पॅक पलंगाखाली होता आणि त्या पलंगावर भाऊंच्या बहिणीचे आजारी यजमान झोपत. काठ गंजून फुटला तर आतलं बाहेर येतं, आणि बोटीवर आगीची भीती कशी असते हे भाऊंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दुपारी पानं वाढली तेव्हा मी बसले नाही. "भाऊ, कुडाळवाल्याची चूक नाही जी," मी म्हटलं. घाबरले की माझी गावची बोली बाहेर येते. "म्याच पुसले ते सेल. मागच्या विहिरीच्या पाण्यानं. स्पिरिट सरलं होतं, मागाची हिंमत झाली नाही."

भाऊंचा घास हातातच राहिला. "किती सेल?"

"पडवीतला पॅक सोडून सगळे."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग फुटले. "तीन महिने! तीन महिने मी त्या माणसाक गाळी घालतंय! आवशीबापाशीवरून! आणि तू हय बसान मीठ लावतंस?" भिंतीवरची पाल पळाली. काकी मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यांचा नेम माझ्यावर नव्हता. "बावीस वर्षां मिठाच्या पाण्यार काढलात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि घरातला मीठ वळाखलात नाय?" भाऊ ताटावरून उठले. माझ्यामुळे त्या घरात कोणी अन्न टाकून उठण्याची ती एकच वेळ. अजून भाताच्या ताटाशी ती आठवण येते.

तासाभरात आम्ही रिक्षानं मसुऱ्याला गेलो. पलंगाखालून पॅक ओढला तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. चार सेल पाझरले होते, खालच्या फळीला डाग. भाऊंनी बहिणीला काही सांगितलं नाही, दुसरा आणून देतो म्हणाले आणि पॅक वाळूच्या बादलीत घालून बाहेर आले. परतीच्या वाटेवर बादली माझ्या पायांमध्ये होती. मी वाशीमच्या गाडीची वेळ आठवत बसले.

किनाऱ्यावर रिक्षा थांबवून भाऊ म्हणाले, "बाबलाक तू सांग. तुझ्या तोंडान." बाबल होडीला टेकून जाळं दुरुस्त करत होता, बाजूला चारपाच जण. मी सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमी माझ्या बॅटरीत मीठ घातलात?"

"हो."

"किती? चवीपुरतां?"

सगळे वाळूत लोळायचे बाकी राहिले. मलाही हसू आलं, रडताना येतं तसं. पण हसणं ओसरल्यावर त्यानं होडीतली पॅकची वायर सोडवून माझ्या हातात दिली. "ही घेवन जा, बाय. राग नाय. पण माका रोज थंय भायर जावचा लागता. माका जुनीच बरी." दुसऱ्या दिवसापासून दोघं जण ती ट्रकची बॅटरी पुन्हा उचलून होडीत ठेवू लागले. बाबलनं आमच्याकडून नंतर कधीच पॅक घेतला नाही, आणि ते दहा होडीवालेही आले नाहीत. ते यायला फार वर्षं गेली, आणि आले ते त्यांचे मुलगे.

घरी आल्यावर मी बॅग काढली. भाऊंनी सगळे निळे सेल पडवीत एका जागी ओतले. ढीग दोनशेच्या वर होता. त्यांनी चष्मा लावला, एक सेल उचलला, बारीक काठाकडे बघायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढून आदळला. "आता ह्यां सगळां उकलतलो कोण? मी? माका दिसता काय ह्यां?" मग बॅगेकडे बघून, "ती खंय नेतंस? हयचा काम टाकून?" मला ठेवून घेतलं ते असं. माझ्या हाताला गुण होता म्हणून नाही, मी खरं बोलले म्हणूनही नसावं. मी केलेला घोळ दुसऱ्या कोणाला निस्तरता येण्यासारखा नव्हता. पुष्कळ वर्षं मला याचं वाईट वाटत असे. आता वाटतं, राहायला मिळालं ना; कारण कशाला हवं होतं गोड?

तेवढ्यात बाबांचा फोन आला. शेजारी भाऊ कुडाळच्या माणसाला फोनवर सांगत होते, "चूक झाली माझी! आयकतंस मा? चूक! माझी!"

"कोन भांडून राह्यलं तिथं?" बाबांनी विचारलं.

"भांडत नाहीत बाबा. माफी मागून राह्यले."

"बरं. कधी येतं? वेचणीले मानूस भेटत नाही."

"नाही येत मी," मी म्हटलं. असं वाक्य मी बाबांशी त्याआधी कधी बोलले नव्हते. "इथं दोनशे सेल उकलायचे हायेत. म्याच बिघडवले."

बाबा म्हणाले, "जेवत जाय टायमावर," आणि फोन ठेवला. मी ढिगाशी बसले, ब्लेड घेतलं, पहिल्या सेलचं प्लास्टिक उभं चिरलं, चकती उचलली. काठ पार खाल्लेला. तो वाळूत टाकला. दुसराही गेलेलाच निघाला. मी तिसरा उचलला.